तिकडे हिटलरवर पण हसतात म्हणे

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तोच वाद, कुठलातरी सिनेमा येतो, कुणाच्यातरी भावना दुखावतात, आणि पुण्याहून आतेभावाचा मेसेज पडतो की बघ, तुमच्या बर्लिनमध्ये हिटलरवर पण हसतात, नाहीतर आपल्याकडे!

दादा, इकडचं एवढं सोपं नाहीये रे. मागच्या महिन्यात इथल्या एका छोट्या थिएटरात दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचचा १९४२ चा सिनेमा 'टू बी ऑर नॉट टू बी' बघितला. वॉर्सातली नाटक कंपनी, शहरात नाझी घुसलेत, एक प्रोफेसर म्हणवणारा हेर पोलिश भूमिगतांची माहिती घेऊन आलाय आणि ती गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, हाती लागू नये म्हणून हे नट नाटकातलेच युनिफॉर्म चढवून खोटं गेस्टापो ऑफिस थाटतात. त्यातही हिरोला टेन्शन कसलं, तर मी हॅम्लेटचं स्वगत सुरू केलं की प्रेक्षकांतला एक पोरगा दरवेळी उठून का जातो!

आज क्लासिक म्हणतात, पण तेव्हा अमेरिकेतच झोडपला होता. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक बॉस्ली क्रॉदर यांना तो निर्दय वाटला. मला त्यांचं अगदीच चुकलं असं नाही वाटत, पोलंड तेव्हा खरंच चिरडलं जात होतं आणि सिनेमातला नाझी म्हणतो, या नटाने शेक्सपियरचं जे केलं ते आम्ही पोलंडचं करतोय. त्यात नायिका कॅरोल लोम्बार्ड रिलीजच्या आधीच विमान अपघातात गेली, विमानात काय होणार आहे, अशा अर्थाचं तिचं वाक्य कापावं लागलं. लुबिचने त्याच पेपरात उत्तर दिलं, की माझे नाझी छळाबद्दल असे बोलतात जसा सेल्समन पर्स विकल्याबद्दल बोलतो. म्हणजे हसू येतंय तिथेच अंगावर काटा यायला हवा. आणि हा माणूस बर्लिनचाच बरं का, ज्यू, नाझींनी त्याचं नागरिकत्व काढून घेतलेलं. पश्चिम जर्मनीत हा सिनेमा लागला थेट १९६० ला.

आजही इथे नाझी चिन्हं मिरवली तर गुन्हा, कलेला मात्र सूट. धार्मिक स्वस्तिकाला बंदी नाही, तरी दिवाळीत दारात काढायला माझा हात धजावत नाही, मी आपली कमळ काढते. समोरच्या फुटपाथवर इथून नाझींनी उचलून नेलेल्यांच्या नावांच्या पितळी पाट्या आहेत, रोज त्यांच्यावरून दूध आणायला जाते. थिएटरात लोक हसले, पण काही ठिकाणी एकदम शांतता, आणि शेजारच्या आजी तर शेवटपर्यंत हसल्याच नाहीत, उठूनही गेल्या नाहीत.

हिरो जॅक बेनीचे वडील मात्र उठून गेले होते म्हणतात, पोराला नाझी युनिफॉर्ममध्ये बघून. मग त्याने समजावलं, आणि नंतर त्यांनी तो कितीतरी वेळा पाहिला.

हे सगळं दादाला लिहिलं, सिनेमाही पाठवला. रात्री मेसेज आला, अर्धा बघून बंद केला गं, तो छळछावणीवरचा जोक जरा जास्तच होता.

रविवारी फोन करते त्याला.