अर्ध्या दिवसाची किनारा सफर म्हणे!

मुरगाव बंदरात क्रूझ लागली की तोच तमाशा. पत्रकावर लिहायचं 'गोवा किनारा सफर, ४ तास' आणि किनाऱ्याच्या वाट्याला यायची २० मिनिटं!

हिशेब करा ना. प्रवाशांना बसचे स्टिकर लावून, डोकी मोजून बस हलेपर्यंत अर्धा तास. आधी चर्च बघायला जुनं गोवं, बंदरापासून तिसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास. उरला दीड. बसला दार एकच, चाळीस माणसं. दर थांब्याला चढण्या-उतरण्यातच दहा मिनिटं जातात. त्यात तिथल्या बॉम जीझस चर्चच्या दारात कुणीतरी हाफपँटमुळे अडकतंच. कपड्यांचा नियम आधी सांगायला काय जातं? मग काजूचं दुकान. तिथे मात्र अर्धा तास, निवांत! आणि शेवटी दोना पावलाच्या किनाऱ्यावर गाइड ओरडणार, "फोटो काढा, चला!"

गंमत म्हणजे दोना पावला बंदराच्या समोरच, झुआरी नदीच्या पलीकडे. रस्त्याने मात्र पुलावरून भलामोठा वळसा. समुद्रच दाखवायचाय तर बंदराच्याच बाजूच्या बोगमाळो किनाऱ्यावर न्या की! पण तिथे काजूवाल्याचं कमिशन कुठलं मिळायला?