स्ट्राँगरूमची किल्ली आणि पासफ्रेज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पासफ्रेज (गुप्त किल्लीच्या फाइलला लावलेला लांब पासवर्ड) दर वेळी टाइप करावा लागू नये म्हणून लिनक्सलाच तो लक्षात ठेवायला कसं सांगायचं, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. “बँकेत २८ वर्षं काढली, स्ट्राँगरूमची किल्ली कधी टेबलावर ठेवली नाही. लिनक्सनंच पासफ्रेज लक्षात ठेवायचा, तर तो लावायचाच कशाला?” हा तुमचा प्रश्न. शिवाय माझ्या लेखाप्रमाणे करूनही जीपीजी (मजकूर कुलूपबंद करणारा, सही करणारा प्रोग्रॅम) दोन तासांनी पुन्हा विचारतंच, ही तक्रार.

तक्रार खरी आहे, चूक माझी. जीपीजी-एजंट, म्हणजे त्याचा पासफ्रेज सांभाळणारा मदतनीस प्रोग्रॅम, शेवटच्या वापरानंतर ६०० सेकंद पासफ्रेज धरून ठेवतो आणि कितीही वापरला तरी ७२०० सेकंदांनी विसरतोच. मी पहिलाच आकडा वाढवायला सांगितला होता. एजंटच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट-कॅश-टीटीएल (पहिला आकडा) आणि मॅक्स-कॅश-टीटीएल (दुसरा), दोन्हीपुढे २८८०० (म्हणजे आठ तास) लिहा आणि एजंट रीलोड करा.

आता स्ट्राँगरूम. दर चेकसाठी तुम्ही ती उघडत नव्हतात ना? सकाळी उघडायची, दिवसाची रोकड कॅशियरकडे, संध्याकाळी मोजून परत आत. एसएसएच-एजंटचंही तसंच. (एसएसएच म्हणजे दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय; हा एजंट तिची गुप्त किल्ली सांभाळतो.) डिस्कवरची फाइल कुलूपबंदच राहते, उघडलेली किल्ली फक्त रॅममध्ये असते. फाइल किंवा तिचा बॅकअप कुणी पळवला तरी पासफ्रेजशिवाय उपयोग शून्य. पासफ्रेज लावायचा तो यासाठी.

पण रोकड संध्याकाळी आत जायला हवी, हे मी कुर्ल्याला शिकलो. लोकलच्या रॅकवर बॅग विसरून उतरलो. लॅपटॉप बंद नव्हता, नुसता मिटलेला. झोपलेल्या लॅपटॉपच्या रॅममध्ये किल्ली तशीच असते, आड येतो तो फक्त स्क्रीनलॉक. (बॅग मिळाली, डबा गेला. बायकोला दुःख डब्याचं.) तेव्हापासून एसएसएच-अ‍ॅडला (किल्ली एजंटकडे सोपवणाऱ्या कमांडला) आठ तासांची मुदत देतो. सकाळी नऊला घरी चहा पिताना एकदा टाइप करायचं, संध्याकाळची गाडी पकडायच्या आत किल्ली गेलेली असते. दर वेळी टाइप करणं जास्त सुरक्षित, हे मला पटत नाही. लोकलमध्ये बसायला मिळालं तरी दोन्ही खांद्यांवरून लोक कीबोर्ड वाचत असतात. आणि सारखं विचारलं की माणूस पासफ्रेज आखूड करतो. मी केला होता.

किरिंगबद्दल (लिनक्समधली पासवर्ड साठवायची तिजोरी) तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मात्र मला जास्त लागलं: “किरिंगमधलं दुसरा प्रोग्रॅम वाचणार नाही कशावरून?” वाचतो. लॉगिनच्या पासवर्डानं ग्नोम डेस्कटॉपचं किरिंग उघडलं की माझ्या नावानं चालणारा कुठलाही प्रोग्रॅम त्यातला पासफ्रेज मागू शकतो आणि तो उघड्या अक्षरांत मिळतो. सीक्रेट-टूल या कमांडची एक ओळ पुरते. एजंट निदान किल्ली हातात देत नाही, फक्त सही करून देतो. (ती सही भलत्यानं मागितली तरी देतो, हेही आलंच.) पासफ्रेज किरिंगमध्ये साठवायच्या चौकोनात टिक करा, असं मी लेखात म्हटलं होतं. ते मागे घेतो. आधी टिक केली असेल तर सीहॉर्समध्ये (किरिंगमधल्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) जाऊन ती नोंद पुसा.

ऑटो-लॉगिन लावलं असेल तर किरिंग वेगळा पासवर्ड विचारणारच, कारण उघडायला त्याला पासवर्ड मिळालेलाच नसतो. पण ते टाळायला किरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवू नका. आतलं सगळं डिस्कवर उघडं पडतं.

आणि तुम्हाला बँकेतल्या दोन किल्ल्यांची (दोघांनी मिळून उघडायची) सवय असेल, तर एसएसएच-अ‍ॅडचा ‘सी’ पर्याय बघा. किल्ली वापरायच्या प्रत्येक वेळी तो तुमची संमती मागतो. मी दोन दिवसांत कंटाळून काढला, तुम्हाला कदाचित आवडेल.