पेशींना रविवार कळत नाही

‘पीएचडीच्या पहिल्या वर्षी रविवार फक्त स्वतःसाठी ठेवा’ हा लेखातला सल्ला वाचून हसू आलं. मी लॅबमध्ये वाढवते त्या पेशींना रविवार कळत नाही हो! दर दोन-तीन दिवसांनी मीडियम, म्हणजे त्यांचं पोषक द्रव, बदलावंच लागतं. त्यात कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट, शिवाय यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे आठवड्याला ४-६ तास प्रॅक्टिकल घेणं, पेपर तपासणं. जेआरएफचे, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीचे, महिना ३७,००० रुपये ऐकायला छान. माझे चार महिन्यांनी एकदम आले, तोवर घरभाडं बाबांकडून. मामेबहिणीच्या लग्नात ओल्या मेंदीच्या हाताने, करंगळीने फोन दाबत पेशी ठेवते त्या इनक्युबेटरचा फोटो मागवला होता. आता लॅबमधल्या मैत्रिणीशी ठरवलंय, एक रविवार दोघींच्या पेशींच्या प्लेट ती बघणार, एक मी. गाइडना अजून सांगितलेलं नाही.