आंग्र्यांचं आरमार आणि पोरांचा संताप

आंग्र्यांच्या आरमारावर शूटिंगचा गेम काढताय? उत्तम. खाली तुमचं गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, वरून इंग्रजांची जहाजं उतरताहेत, मागे विजयदुर्ग. गणपतीला गावी आलेली पोरं पडवीत बसून हेच खेळणार. फक्त एक पथ्य पाळा: आपण मेलो कशाने, हे खेळणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की तो सुधारतो, सुधारला की जिंकतो, आणि मग ‘पुन्हा जीव हवा तर जाहिरात बघा’ हे बटण दाबायला कोणी उरत नाही.

सुरुवात हिटबॉक्सपासून करा, म्हणजे जहाजाच्या ज्या भागाला गोळा लागला की जीव जातो तिथून. केव्ह कंपनीच्या १९९७ सालच्या डोडोनपाची या शूटिंग गेममध्ये पडदाभर गोळ्या असतात, पण विमानाचा मरणारा भाग मधोमध जेमतेम काही पिक्सेलचा. त्यामुळे माणूस त्या गर्दीतून निसटतो आणि स्वतःवरच खूश होतो. असले लाड नकोत. गुराबाचं चित्र १२८ बाय १२८ पिक्सेलच्या चौकोनात असेल, तर हिटबॉक्सही अख्खा तोच चौकोन. डोलकाठीशेजारच्या रिकाम्या हवेतून गोळा गेला तरी जहाज बुडालंच पाहिजे. पडवीतून ‘गोळो माका लागलोच नाय!’ अशी आरोळी आली, की काम फत्ते.

मग जहाजाची चाल. बोट उचललं की जागीच थांबतं ते जहाज कसलं? वीसेक फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणारी वीसेक चित्रं, घसरू द्या. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर हा सेकंदाचा तिसरा हिस्सा झाला, दोन गोळ्यांमधली फट हुकायला भरपूर. शिवाय जहाज नेमकं अंगठ्याखाली ठेवा. बोट पडद्यावर कुठेही टेकवलं तरी जितकं सरकेल तितकंच जहाज सरकावं, अशी सोय शहाणे लोक करतात. तुमच्या गेममध्ये खेळणाऱ्याने आपल्या नखाकडे बघत लढावं.

रंगांच्या बाबतीत कोकणासारखं नशीब नाही. सूर्यास्त घ्या! आभाळ केशरी, पाणी केशरी, गोळेही केशरी. स्फोट तर केशरी असतातच. बक्षिसाची थैलीही त्याच रंगाची आणि गोळ्याएवढीच गोल करा, म्हणजे पोरगा स्वतःहून तिकडे धावेल. शत्रूचे गोळे खरं तर सगळ्यात वरच्या थरावर काढायचे असतात, धूर आणि स्फोट त्याखाली. तुम्ही उलटं करा. वर पडदा थरथरवा. विजयदुर्गाजवळ पाण्याखाली भिंत आहे हे सगळ्यांना ठाऊक आहेच, त्यामुळे न दिसणाऱ्या भिंतीवर आपटून जहाज फुटलं तर कोण बोलणार? इतिहास आहे तो.

एका फटक्यात जीव घेणं जुनाट वाटत असेल तर शंभर गुणांची जीवनपट्टी द्या. मात्र मार बसल्यावर जहाज दोनेक सेकंद लुकलुकतं आणि तेवढा वेळ त्याला काही होत नाही, ती प्रथा मोडा. लागलेला गोळाही पुसू नका. दहा गुणांचा एकच गोळा अंगावरून जाताना प्रत्येक फ्रेमला लागत राहिला, तर दहा फ्रेममध्ये, सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात, पट्टी साफ. खेळणारा म्हणेल, एकच तर लागला!

मेल्यावर कमावलेल्या सगळ्या तोफा काढून घ्या. १९८५ च्या ग्रॅडियस या गेमने हेच केलं होतं. सगळी शस्त्रं गेली आणि पुन्हा मागच्या टप्प्यावर, त्याच गर्दीत. नवख्याला तिथून परत उभं राहता येत नाही, हेच त्यातलं सौंदर्य.

वेग घड्याळावर नाही, फ्रेमवर बांधा. १९७८ च्या स्पेस इनव्हेडर्समध्ये शत्रू कमी झाले की उरलेले जोरात धावत, कारण मशीनला काढायला कमी चित्रं उरत. तो गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी ते तसंच ठेवलं आणि गेम रंगला. तुमच्याकडे मात्र १२० फ्रेमच्या महागड्या मोबाइलवर इंग्रज दुप्पट वेगाने येतील आणि आजोबांच्या जुन्या फोनवर गाळात रुतल्यासारखे. याला विविधता म्हणा.

बॉसबद्दल, म्हणजे लेव्हलच्या शेवटी येणाऱ्या बड्या शत्रूबद्दल, फार सांगायला नको. पाच मिनिटं मार खाणारा, किती उरला ते न दाखवणारा, आणि दर वेळी आधी वगळता न येणारं भाषण. १७५६ साली किल्ला इंग्रजांनी घेतलाच, तेव्हा शेवटची लेव्हल जिंकता न येणं हा प्रामाणिकपणा झाला.

इंटरनेटशिवाय गेम चालू देऊ नका. गेमने सर्व्हरला विचारायचं ते नेमकं बॉस मरायच्या आधी. कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, गणपतीहून परतणारा त्यात आपोआप सापडतो.

कोणी एकच तारा देऊन तक्रार लिहिली तर नम्रपणे कळवा: ‘गेम काढून टाका आणि पुन्हा डाउनलोड करा.’ सर्व्हरला क्षणोक्षणी विचारत असलात तरी खेळणाऱ्याची प्रगती तेवढी मोबाइलमध्येच साठवलेली असू द्या.