फॉरेस्ट व्ह्यू फ्लॅट घेतलाय? मग एवढं कराच

तर तुम्ही घोडबंदर रोडला, येऊरच्या पायथ्याशी घर घेतलंत. फॉरेस्ट व्ह्यूचे स्क्वेअर फुटामागे वेगळे पैसे लावले तेही मुकाट भरलेत. आता त्या फॉरेस्टमधलं कोणी खरंच व्ह्यूमध्ये आलं तर काय करायचं, ते आमच्या सोसायटीच्या अनुभवावरून सांगते.

माती दिसेल तिथे पेव्हर ब्लॉक टाका.

5 जूनला, पर्यावरण दिनाला, गुलमोहर लावा, उंबर अजिबात नको. गुलमोहर मादागास्करचा आहे पण फोटोत लाल येतो. उंबराला फळं धरतात, ती खायला बुलबुल, तांबट, रात्री वटवाघळं येतात आणि गाड्या घाण करतात, त्यापेक्षा कुणाच्याच उपयोगाचं नसलेलं झाड बरं.

माकडांना पार्ले-जी द्या. तीच माकडं किचनमध्ये आली की वनखात्याला शिव्या द्या.

बिबट्या कॅमेऱ्यात दिसला की "पकडून लांब सोडा" असं निवेदन द्या. एकाला हलवलं की त्याच्या रिकाम्या हद्दीत दुसरा येतो, आणि तो आपल्या कंपाउंडमागच्या कचऱ्यावर पोसलेली कुत्री खायला येतो, असली माहिती ग्रुपवर टाकणाऱ्याला म्यूट करा.

नवी मुंबईतल्या नातेवाईकांनी फ्लेमिंगोचं टेन्शन घेऊ नये. ठाणे खाडी 2015 ला अभयारण्य झाली, 2022 ला रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा झाली, अजून काय हवं? भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की पक्षी नेरूळच्या तळ्यांवर येऊन थांबतात, तिथे पाणी आत यायची वाट बुजली तर बुजली, चौकातला फायबरचा फ्लेमिंगो कुठे जात नाही.

आता साप. इथे नीट लक्ष द्या.

साप दिसला की पहिलं व्हिडिओ काढायचा आणि ग्रुपवर "कोब्रा!!!" टाकायचं. गेल्या महिन्यात आमच्या क्लब हाऊसमागे पाण्याच्या मीटरपाशी धामण निघाली, सहा फूट तरी असेल, पिवळट तपकिरी, शेपटीकडे काळी जाळी जाळी, डोळे मोठे. फणा नाही, विष नाही, उंदरामागे आलेली बिचारी. पण तोवर पन्नास-साठ लोक जमले, कुणी पायऱ्यांवर, कुणी गेटपाशी, म्हणजे तिला निघून जायला वाटच नाही. मी वनखात्याचा हेल्पलाइन नंबर 1926 लावला, एका सर्पमित्रालाही फोन केला, तो कापूरबावडीला ट्रॅफिकमध्ये, म्हणाला ताई वीस मिनिटं, फक्त लांबून लक्ष ठेवा, कुणाला जवळ जाऊ देऊ नका. वीस मिनिटं! त्याच रोडवर रोज दीड तास अडकणाऱ्या माणसांना तेवढा दम निघाला नाही. कमिटीतले एक काका मला म्हणाले, "तुम्ही वर जा बघू, धामणीने शेपूट मारलं की अंग सडतं, आमच्या गावाला म्हशीचं दूध पिऊन जाते." काका इंजिनियर आहेत. अहो, सापाला दूध ओढायला ओठ कुठे असतात? हे मी म्हणेपर्यंत वॉचमनच्या हातात लोखंडी पाइप दिला होता, त्याला तरी काय बोलणार, नोकरी आहे त्याची. मारल्यावर टाळ्या वाजल्या. टाळ्या! आणि पोरं बघत होती सगळी.

पुढची टिप, मेलेल्या सापाबरोबर सेल्फी. तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे हे फोटो टाकल्यावरच आठवायचं आणि घाईघाईने डिलीट करायचा.

आणि परवा रविवारी मीटिंग. विषय काय, तर पार्किंगमध्ये उंदीर फार झालेत. तीन गाड्यांच्या वायरी कुरतडल्या, त्यातली एक काकांची नवीकोरी. ठराव असा की सगळीकडे विषाच्या वड्या टाकायच्या.

आता मस्करी पुरे. ते विष खाऊन उंदीर लगेच मरत नाही, अर्धमेला होऊन उघड्यावर फिरतो, आणि त्याला आपल्या डी विंगच्या डक्टमधलं गव्हाणी घुबड उचलतं. म्हणजे रात्री फुकटात उंदीर मारणारं जे एक उरलंय तेही घालवणार आहात तुम्ही. गवत, टोळ, बेडूक, साप, घार, ही साखळी आपल्याच पोरांनी चित्रकला स्पर्धेत काढली होती, तुम्हीच पहिलं बक्षीस दिलंत, लॉबीत नोटीस बोर्डशेजारी अजून लटकतंय ते, हिरव्या स्केचपेनचा साप आहे त्यात. लिफ्टची वाट बघताना एकदा वर मान करून बघायला काय होतं हो तुम्हाला? पोरांना कळतं आणि तुम्हाला लाज नाही?

कचरा रात्री उघडा ठेवू नका, ड्रेनेजची तुटलेली झाकणं बसवा, उंदीर निम्मे होतील. 1926 हा नंबर लिफ्टमध्ये लावा, वाढदिवसाच्या शुभेच्छांवर चिकटवला तरी चालेल. आणि त्या विषाच्या ठरावावर मी सही करणार नाही, पुन्हा विचारायला येऊ नका.