साहेब, तुम्ही जरा जागेवर बसून घ्या

काल संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला: 'नेटची अडचण तत्परतेने सोडवल्याबद्दल अकाउंट्सच्या साहेबांचे विशेष आभार.' खाली अंगठ्यांची रांग. मीही एक अंगठा दिला, न देऊन जातो कुठे. साहेबांनी अडचण सोडवली ती अशी, की मी नेटवर्क स्विचवर, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या केबल जिथे येऊन जुळतात त्या डब्यावर, चाचण्या घेत बसलेलो असताना त्यांनी त्याचा प्लग भिंतीतून उपटला आणि परत खोचला.

झालं होतं इतकंच, की साहेबांच्या टेबलावरचं नेट सकाळपासून जायचं, यायचं, परत जायचं. बाकी सगळ्यांचं व्यवस्थित. म्हणजे दोष स्विचमधल्या एका खाचेचा (तिला पोर्ट म्हणतात), एका केबलचा किंवा एका साहेबांचा. मी लॅपटॉप घेऊन स्विचच्या खोलीत गेलो, स्विचशी थेट बोलायची निळी कन्सोल केबल लावली, उलट्या खोक्यावर बैठक मारली. पाठोपाठ साहेब आले आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावायला लागले. मागे कोणी उभं असलं की मला स्वतःचा पासवर्डसुद्धा धड टाइप करता येत नाही.

"हे दिवे सारखे लुकलुकतायत ते का?"

"डेटा जातोय, साहेब."

"यातला माझा कुठला?"

मी चौदा नंबरचं पोर्ट दाखवलं. साहेब वाकले, चष्मा वर केला, बराच वेळ पाहत राहिले.

"खालच्या ओळीत?"

"हो."

"वरच्या ओळीत कोण आहेत?"

"तेरा नंबरला एचआर आहे. पण विषम आकडे वर आणि सम खाली असतात, साहेब. कारखान्यातूनच तसं येतं."

"ते असू दे. पण एचआर वर आणि अकाउंट्स खाली, हे ठरवलं कोणी?"

ठरवलं कोणीच नव्हतं. वायरिंगवाल्याच्या हाताला जी केबल आली ती त्याने खोचली. पण हे उत्तर साहेबांना पटणारं नव्हतं, कारण तोवर त्यांचा सिद्धांत तयार झाला होता: नेट वरून येतं, आधी वरच्या ओळीला मिळतं, उरलंसुरलं खाली झिरपतं. मग त्यांची नजर रॅकच्या बाजूला गुंडाळून ठेवलेल्या जादा केबलवर गेली. "ही वेटोळी बघा. नेट इथेच गोल गोल फिरत बसत असणार." केबल शंभर मीटरपर्यंत चालते, वेटोळ्याने काही होत नाही, असं मी म्हणालो. "तुम्ही म्हणता म्हणून," असं ते म्हणाले, म्हणजे पटलं नाही.

दरम्यान मी खरं काम सुरू केलं होतं. चांगल्या स्विचमध्ये केबल तपासायची सोय आतच असते, तिला टीडीआर म्हणतात. स्विच तारेत एक विजेचा ठोका सोडतो. तार जिथे तुटली किंवा चिकटली असेल तिथून तो उलटा फिरतो आणि यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढलं जातं, विहिरीत हाक मारून खोली मोजावी तसं. फरक एवढाच, की हा आवाज प्रकाशाच्या जवळपास दोन तृतीयांश वेगाने धावतो. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडीचा निकाल वेगळा येतो: नॉर्मल, ओपन किंवा शॉर्ट. अंतरात काही मीटरची चूक धरायची. तरी खोक्यावरून न उठता भिंतीतली तार कुठे तुटली ते कळतं, याचं मला अजून अप्रूप आहे. हे अप्रूप मी आजवर कोणालाही ऐकवू शकलेलो नाही.

कारण लोकांच्या लेखी नेटवर्कची चाचणी म्हणजे पिंग. माईक म्यूस नावाच्या माणसाने डिसेंबर १९८३मध्ये एका संध्याकाळी तो प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. उत्तम हत्यार आहे, पण ते फक्त पलीकडून कोणी ओ देतंय का एवढंच सांगतं. साहेबांना पिंग येतो. मध्येच "मी पिंग केलाय हं," असं ते सांगतात, आणि मग आपण काय बोलायचं?

चाचणी लावली. चारही जोड्या नॉर्मल.

"बघा, नॉर्मल," साहेब म्हणाले, जणू त्यांचाच रक्ताचा रिपोर्ट आला होता. "म्हणजे दोष तुमच्याकडे." आणि जागेवर गेले. थोड्या वेळात परत हजर: "गेलं." पुन्हा चाचणी, पुन्हा नॉर्मल. पुन्हा जागेवर, पुन्हा "गेलं."

मग मी लॉग, म्हणजे स्विचची नोंदवही, उघडला. पोर्ट पडलं, उठलं, पडलं, उठलं, प्रत्येक ओळीपुढे वेळ. आणि मधेच एक लांबलचक शांत पट्टा, ज्यात एकदाही पडलं नव्हतं. ती मीटिंगची वेळ होती. साहेब मीटिंगमध्ये होते. आत्ताही ते माझ्या मागे उभे होते आणि पोर्ट ठणठणीत होतं. म्हणजे साहेब खुर्चीत बसले की नेट जातं, उठले की येतं.

"साहेब, तुम्ही जरा जागेवर जाऊन बसता का?"

"का? मी इथे अडचण करतोय?"

"नाही, तुम्ही बसलात की दोष दिसेल."

"म्हणजे दोष माझ्यात आहे?"

"तुमच्यात नाही. खुर्चीत असेल."

"खुर्ची याच वर्षी घेतलीय."

"खुर्चीचं चाक केबलवर येत असेल, साहेब."

"मी एवढा जड आहे?"

याला कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. शेवटी ते गेले, बसले, आणि मी कमांड मारली. ए नॉर्मल, बी नॉर्मल, सी ओपन, डी नॉर्मल. एकतीस मीटर! म्हणजे बरोब्बर त्यांच्या टेबलाखाली. गिगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात, त्यातली एक चाकाखाली दबून सुटत होती. आता ही स्क्रीन सेव्ह करायची, म्हणून मी फाईलला नाव देतोय तोच मागून आवाज आला, "अजून नाही झालं?" आणि एक हात माझ्या कानाजवळून प्लगकडे गेला.

स्विच बंद-चालू केला की मेमरीतला लॉग जातो. एररचे सगळे आकडे शून्यावर येतात. निकालही जातो. सबंध मजल्याचं नेट गेलं, ते निराळंच. लोक दाराशी जमले आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. स्विच पुन्हा उठायला मिनिटं लागतात. उठल्यावरही ऑफिसच्या मुख्य स्विचकडे जाणारं पोर्ट तीस सेकंद पिवळं राहिलं. नेटवर्कमध्ये कुठे वेटोळं, केबलचं नव्हे तर डेटाच्या वाटेचं, तर झालं नाही ना, याची ते खात्री करून घेत असतं. रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये ही युक्ती काढली आणि तिच्यावर कविताही केली. त्या तीस सेकंदांत मला कविता सुचली नाही. "पिवळा आहे, पिवळा आहे," असं साहेब जमलेल्यांना सांगत होते. हिरवा झाल्यावर, "झालं बघा."

मग साहेब दुसऱ्या मीटिंगला गेले. खुर्ची रिकामी, केबल मोकळी, नेट दिवसभर चालू. सिद्ध झालं.

लॉग वेगळ्या सर्व्हरवर साठवले असते तर कोणीही प्लग ओढला तरी ते राहिले असते. त्या सर्व्हरची मागणी मी केव्हाच केली आहे. फाईल अकाउंट्समध्ये आहे. का बिघडलं, हे शोधायला या ऑफिसात वेळही मिळत नाही आणि पैसाही. चालू झालं का, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर जो आधी 'हो' म्हणेल त्याला अंगठे.

आज सकाळी साहेब जागेवर बसले आणि नेट गेलं. ते उठून स्वतःच स्विचच्या खोलीकडे निघाले तेव्हा मी दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि नवीन केबलचा मागणी अर्ज त्यांच्या हातात दिला. दुपारी तो शेरा होऊन परत आला: 'रीस्टार्टने काम भागते. खरेदीची आवश्यकता दिसत नाही. खोलीची एक किल्ली अकाउंट्सकडे जमा करावी.'