सँ जाक टॉवर चमत्काराने नाही वाचला

पॅरिसच्या सँ जाक टॉवरच्या, म्हणजे एका जुन्या चर्चच्या उरलेल्या घंटाघराच्या, फोटोसोबत एक मजकूर फिरतोय: निकोला फ्लामेल या किमयागाराने तो बांधला, फ्रेंच राज्यक्रांतीत जमावाने चर्च पाडलं पण टॉवर चमत्काराने वाचला, शास्त्रज्ञ पास्कलने हवेचा दाब इथेच शोधला, आणि ५०० वर्षांत एक दगडही हललेला नाही. यातलं एकही धड नाही.

फ्लामेलचं पटकन संपतं. तो वारला १४१८ मध्ये, टॉवरचं काम चाललं १५०९ ते १५२३. हस्तलिखितांच्या धंद्यातला पैसेवाला माणूस, जुन्या चर्चला देणग्या दिल्या, तिथेच पुरला गेला, बस.

चमत्काराचं मात्र मला खरंच खटकतं. क्रांतीत चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली, १७९७ मध्ये हे चर्च पाडून दगड विकायला म्हणून विकलं गेलं आणि त्या करारातच अट होती की टॉवर पाडायचा नाही. म्हणजे माणसांनी विचार करून, कागदावर लिहून तो वाचवलाय, मग श्रेय त्यांना द्या ना! पुढे तिथे बंदुकीचे छर्रे बनायचे, वरून वितळलेलं शिसं चाळणीतून सोडायचं, पडता पडता थेंब गोल होतात आणि खाली पाण्यात घट्ट होतात, त्याला उंची लागते आणि ती इथे आयती होती. १८३६ मध्ये शहराने तो विकत घेतला.

पास्कलने इथे प्रयोग केला हे खरंय, पण मुख्य प्रयोग १९ सप्टेंबर १६४८ ला प्वी द दोम डोंगरावर त्याचा मेहुणा पेरिए याने केला, तिथे हवेचा दाब मोजायच्या नळीतला पारा पायथ्यापेक्षा शिखरावर ८ सेंमीहून जास्त खाली आला. मग पास्कलने पॅरिसमध्ये हाच टॉवर घेतला, फरक आला जेमतेम ४-५ मिमी, पण आला! एवढ्याशा उंचीतही हवेचा दाब बदलतो हे त्याने दाखवलं, आणि मला तरी हे डोंगरापेक्षा भारी वाटतं.

राहिला दगड. वरचे टोकदार कोरीवकाम, ज्वाळांसारखी खिडक्यांची नक्षी, हे गॉथिक या मध्ययुगीन बांधकामशैलीचं फ्रान्समधलं शेवटचं, सगळ्यात नटलेलं रूप. पण शिखरावरचा संताचा पुतळा क्रांतीत खाली पाडलेला, आत्ताचा १९व्या शतकातला. आणि १८५० च्या दशकात रिव्होली रस्त्यासाठी आजूबाजूची जमीन खाली उतरवली, तेव्हा तेओदोर बाल्यू या आर्किटेक्टने टॉवरखाली नवा चौथरा बांधला. पास्कलचा पुतळा उभाय तो याच नव्या भागात.